रायझोबियमच्या बाटलीमागचा माणूस: मार्टिनस बायेरिंक यांची गोष्ट

जून उजाडला की परतूरच्या कृषी सेवा केंद्रांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीनची बॅग, तुरीचं बियाणं, खताची गोणी असं सगळं गाडीवर चढतं आणि शेवटी दुकानदार एक छोटी बाटली किंवा पाकीट पुढे करतो. त्यावर लिहिलेलं असतं, रायझोबियम. बाकीच्या खरेदीच्या मानाने किंमत किरकोळ. काही जण घेतात, काही जण नको म्हणतात. घेतलेल्यांपैकी काहींची बाटली पत्र्याच्या शेडमध्ये तशीच पडून राहते. पुढच्या वर्षी तीच बाटली बियाण्याला चोळली जाते, आणि मग पारावर चर्चा होते की या जिवाणूच्या औषधाने काही फरक पडत नाही बुवा.

आता यात दोन चुका आहेत. एक म्हणजे हे औषध नाहीच. बाटलीत जिवंत जीव आहेत, कोट्यवधी. दुसरी म्हणजे ते उन्हात मरतात, आणि मेलेल्या जिवाणूंकडून काम होत नाही.

हे जीव पहिल्यांदा वेगळे काढून वाढवणारा माणूस म्हणजे मार्टिनस बायेरिंक, नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव तोंडपाठ असतं, पण बाटली वापरणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत ते फारसं पोहोचलेलं नाही. आज त्यांची गोष्ट वाचूया. ती वाचली की बाटली कशी वापरायची हे वेगळं पाठ करावं लागणार नाही.

हवेत भरपूर, पण पिकाच्या तोंडात नाही

आधी थोडं बेसिक. पिकाला हिरवं व्हायला, वाढायला आणि दाण्यात प्रथिनं भरायला नायट्रोजन लागतो. आपण त्याला नत्र म्हणतो. आपल्या ताटातल्या वरणात जे प्रोटीन आहे, ते नत्राशिवाय बनतच नाही.

गंमत अशी की हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे. एका एकराच्या डोक्यावर जी हवा आहे, तिच्यात साधारण ३० हजार टन नायट्रोजन असतो. पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. युरियाच्या कारखान्यात हेच बंध तोडायला ४०० अंशांच्या पुढचं तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो.

तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात, तिथे हेच काम शेतातल्या तापमानाला, गुपचूप चाललेलं असतं. ते करणाऱ्या जिवाणूला आज आपण रायझोबियम म्हणतो. पण दीडशे वर्षांपूर्वी हे कुणालाच माहीत नव्हतं. अनेकांना वाटायचं की या गाठी म्हणजे मुळाला झालेला रोग असावा.

बुडालेल्या धंद्यातून आलेला मुलगा

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाला. वडील तंबाखूचे व्यापारी होते. मुलगा लहान असतानाच धंदा बुडाला, घर नार्डेन या छोट्या गावी हललं आणि वडिलांनी रेल्वे कंपनीत कारकुनाची नोकरी धरली. पैसे बेताचेच. सुरुवातीचं शिक्षण वडिलांनी घरीच दिलं. पुढे कुटुंब हार्लेमला आलं आणि मार्टिनस तिथल्या शाळेत जाऊ लागले.

तिथे त्यांना झाडांचा नाद लागला. वनस्पती गोळा करायच्या, वाळवायच्या, नाव शोधून काढायचं. शाळेत असतानाच अशा एका स्पर्धेत त्यांनी बक्षीसही मिळवलं. मनातून त्यांना वनस्पतिशास्त्रच करायचं होतं, पण घरची परिस्थिती बघून एका नातेवाइकाच्या मदतीने डेल्फ्टच्या तंत्रशाळेत केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. तिथे त्यांची मैत्री याकोबस व्हान्ट हॉफ या मुलाशी झाली. हेच व्हान्ट हॉफ पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल घेणार होते. या संगतीत मार्टिनस रसायनशास्त्र पक्कं शिकले. १८७२ मध्ये त्यांनी पदविका घेतली.

मग ते आपल्या मूळ आवडीकडे वळले. शेतीशाळेत शिकवता शिकवता त्यांनी लेडन विद्यापीठातून १८७७ मध्ये डॉक्टरेट केली. विषय होता झाडांवर येणाऱ्या गाठी. म्हणजे कीटकांमुळे पानांवर, फांद्यांवर जे फुगवटे येतात ते. झाडात बाहेरचा जीव शिरतो आणि झाड त्याच्यासाठी जणू घर बांधून देतं, या प्रकाराने त्यांना तेव्हापासूनच पछाडलं होतं. मुळांवरच्या गाठींकडे त्यांचं लक्ष गेलं, यात नवल नाही.

शास्त्रज्ञांना पडलेलं कोडं

डाळवर्गीय पिकांनंतर जमीन सुधारते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. आपल्याकडे ज्वारीत तूर, कपाशीत मूग किंवा उडीद घेण्याची पद्धत जुनीच. युरोपातही तेच. १८३८ च्या सुमारास फ्रान्सच्या बुसँगो यांनी मोजून दाखवलं की वाटाणा आणि क्लोव्हर हा चारा कुठूनतरी जास्तीचा नायट्रोजन मिळवतात, गहू-ओट मात्र मिळवत नाहीत.

मग इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात लॉज, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी हे तपासायचं ठरवलं. माणसं अतिशय काटेकोर. मातीतून कुठलाही जास्तीचा नायट्रोजन येऊ नये म्हणून त्यांनी माती कडकडीत तापवून घेतली, झाडं काचेखाली वाढवली आणि १८६१ मध्ये निष्कर्ष छापला की झाडं हवेतला नायट्रोजन घेत नाहीत, डाळवर्गीय झाडंसुद्धा नाहीत.

चूक कुठे झाली ते तुमच्या लक्षात आलं असेल. माती तापवली आणि ज्यांच्यामुळे हे काम होतं ते जिवाणूच मारून टाकले. प्रयोग इतका स्वच्छ होता की खरा कामगारच बाहेर राहिला! पुढची पंचवीस वर्षं हा निष्कर्ष बहुतेकांनी मानला.

१८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल यांनी बर्लिनच्या एका परिषदेत हे कोडं फोडलं. विल्फार्ट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वाळूच्या कुंड्यांमध्ये ओट आणि वाटाणा लावला होता. ओटला जितका नत्र दिला तितका तो वाढायचा, साधा हिशोब. वाटाण्याचं मात्र काही कळेना. एका कुंडीत जोमात, शेजारच्या कुंडीत उपाशी. मग वाळू निर्जंतुक केली तर सगळेच वाटाणे उपाशी. त्यात शेतातल्या मातीचं थोडं पाणी ओतलं की गाठी आल्या आणि झाडं हिरवीगार! म्हणजे मातीत कुणीतरी जिवंत आहे, ते मुळात शिरतं, गाठी करतं आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळतो, हे सिद्ध झालं.

फक्त तो कोण, हे अजून कुणाला सापडलं नव्हतं.

यीस्टच्या कारखान्यातली लॅब, १८८८

आता बायेरिंक यांच्याकडे परत येऊ. १८८५ मध्ये त्यांनी शिकवण्याची नोकरी सोडली आणि डेल्फ्टमधल्या यीस्ट आणि स्पिरिट बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात सूक्ष्मजीवतज्ज्ञ म्हणून ते रुजू झाले. पावासाठी यीस्ट बनवणाऱ्या कंपनीने स्वतःची संशोधन लॅब काढावी, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. आज कंपन्यांची रिसर्च टीम असते ना, त्याचाच हा जुना अवतार. कारखान्याचे मालक याक व्हान मार्केन दूरदृष्टीचे होते. त्यांनी बायेरिंक यांना कारखान्याच्या कामाबरोबर स्वतःच्या विषयांवर काम करायची मोकळीक दिली.

इथेच, यीस्टच्या वासात, शेतीतला सगळ्यात मोठा शोध लागला.

अडचण सोपी नव्हती. मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात, शेकडो जातींचे. गाठीच्या सालीवरसुद्धा तेच चिकटलेले. त्यातून नेमका गाठ बनवणारा कसा काढायचा? त्या काळात जिवाणू वाढवायला मांसाचा रस्सा वापरायची पद्धत होती, कारण माणसाच्या रोगांचे जिवाणू त्यावर छान वाढायचे. बायेरिंक यांनी वेगळा विचार केला. हा जीव मुळात, वाटाण्याच्या घरात राहतो, तर त्याला जेवणही त्याच घरचं द्यावं. त्यांनी डाळवर्गीय झाडांच्या पाल्याचा काढा केला, त्यात थोडी साखर, थोडं अ‍ॅस्पॅराजिन हे नत्रयुक्त द्रव्य आणि घट्टपणासाठी जिलेटिन घातलं. गाठी बाहेरून नीट स्वच्छ केल्या आणि आतला गर या थरावर पसरला.

काही दिवसांनी त्यावर बारीक ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे एका जिवाणूची वाढलेली वसाहत. १८८८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जिवाणूला नाव दिलं, बॅसिलस रॅडिसिकोला, म्हणजे मुळात राहणारा. त्यानंतर शुद्ध वाढवलेले हे जिवाणू त्यांनी घेवड्याच्या जातीतल्या बाकल्याच्या रोपांना दिले आणि गाठी आल्या. आजचं रायझोबियम हे नाव पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी दिलं. तेच टिकलं आणि तेच आपल्या बाटलीवर आहे.

लक्षात घ्या, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या पंचवीस वर्षं आधी हा जिवंत कारखाना बायेरिंक यांच्या काचेच्या थाळीत वाढत होता.

जे दाखवता आलं नाही

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बायेरिंक यांनी जिवाणू वेगळा केला, पण एकटा जिवाणू बाटलीत हवेतला नायट्रोजन पकडतो, हे त्यांना दाखवता आलं नाही. त्यांनी प्रयत्न केले, हाती काही लागलं नाही. त्यांनी ते झाकूनही ठेवलं नाही.

कारण त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी उलगडलं. हे काम जिवाणू आणि झाड मिळून करतात. मूळ मातीत काही खास रसायनं सोडतं. ओळखीचा जिवाणू ती ओळखतो आणि स्वतःचं एक रसायन परत पाठवतो. दोन फोनचं ब्लूटूथ पेअरिंग व्हावं, तसंच हे. कोड जुळला की मुळाचा केस वाकतो, जिवाणूला आत घेतो आणि गाठ बनू लागते. आत झाड त्याला साखर पुरवतं. शिवाय नायट्रोजन फोडणारं त्याचं एन्झाइम ऑक्सिजनने खराब होतं, म्हणून झाड गाठीत एक गुलाबी-लाल द्रव्य बनवतं आणि ऑक्सिजन मोजूनमापून आत सोडतं. हे द्रव्य आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड आहे. १९३९ मध्ये जपानच्या कुबो यांनी ते ओळखलं.

बाटलीतल्या एकट्या जिवाणूला ना साखर, ना ऑक्सिजनचा बंदोबस्त. मग तो काम कसा करणार? काही जातींच्या बाबतीत हे प्रयोगशाळेत जमवायला थेट १९७५ साल उजाडलं.

योग्य परिस्थिती निर्माण करा, हवा तो जीव आपोआप वर येतो

१८९५ मध्ये बायेरिंक कारखाना सोडून डेल्फ्टच्या तंत्रशाळेत प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी एक पद्धत पक्की केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. आपण शॉपिंग अ‍ॅपवर फिल्टर लावतो ना, किंमत इतकी, रंग असा, की बाकीच्या वस्तू गायब होतात. बायेरिंक यांनी जिवाणूंना असंच फिल्टर लावलं. ज्याला शोधायचंय, त्यालाच मानवेल असं अन्न आणि तापमान ठेवायचं. बाकीचे उपाशी राहतात आणि हवा तो वाढत जातो.

१९०१ मध्ये त्यांनी असं पाणी बनवलं ज्यात साखरेसारखं अन्न होतं, पण नायट्रोजन अजिबात नव्हता. त्यात चिमूटभर माती टाकली. आता जगायचं तर नायट्रोजन हवेतूनच घ्यावा लागणार. जो वाढला त्याचं नाव अ‍ॅझोटोबॅक्टर. हा मुळात गाठ न करता, मातीत मोकळा राहून नायट्रोजन पकडतो. कपाशी, ज्वारी, बाजरीसाठी मिळणाऱ्या जिवाणू खतात तुम्ही हे नाव वाचलं असेल. म्हणजे दुकानाच्या एकाच फळीवरच्या दोन बाटल्यांमागे हा एकच माणूस आहे!

आणि आणखी एक. तंबाखूच्या पानांवर ठिपके पडण्याच्या रोगावर काम करताना १८९८ मध्ये त्यांनी सांगितलं की याचं कारण जिवाणू नाही, जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणारं, जिवंत झाडातच वाढणारं काहीतरी आहे. त्याला त्यांनी व्हायरस हा शब्द वापरला. ज्या तंबाखूत वडिलांचा धंदा बुडाला, त्याच तंबाखूच्या पानावर मुलाने विषाणूशास्त्राचा पाया घातला. कोविडच्या काळात हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा ऐकला.

माणूस म्हणून कसे होते?

खरं सांगायचं तर सोपे नव्हते. बायेरिंक यांनी लग्न केलं नाही. दोन बहिणींबरोबर राहिले. त्यातल्या हेन्रिएट यांनी त्यांच्या तासांसाठी सूक्ष्मजीवांची मोठमोठी रंगीत चित्रं काढून दिली. प्रोजेक्टर नसलेल्या काळातल्या त्या स्लाइड्सच म्हणा. विद्यार्थ्यांशी बायेरिंक यांचं वागणं कडक, बऱ्याचदा बोचरं असायचं. विज्ञानासाठी घर-संसार बाजूला ठेवावा, असं त्यांचं मत होतं आणि इतरांकडूनही ते तीच अपेक्षा ठेवत. त्यामुळे अनेक जण त्यांच्यापासून चार हात लांबच राहायचे.

पण हाच माणूस जिवाणूच्या बाबतीत कमालीचा समजूतदार होता. याला काय आवडतं, किती ऊब लागते, कुणाबरोबर पटतं, हे तो तासन् तास बघत बसायचा. १९०५ मध्ये त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रातलं मानाचं लेव्हेनहूक पदक मिळालं. नोबेल मात्र कधीच मिळालं नाही. १९२१ मध्ये सत्तरी गाठल्यावर ते निवृत्त झाले आणि बहिणींसह गॉर्सेल या खेड्यात जाऊन झाडांमध्ये रमले. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचं निधन झालं.

शोध ते प्रॉडक्ट: इथे गाडी अडली

शोध लागला म्हणजे प्रॉडक्ट तयार झालं असं नसतं. १८९६ मध्ये जर्मनीच्या नोबे आणि हिल्टनर यांनी या जिवाणूंचं पेटंट घेतलं आणि वेगवेगळ्या पिकांसाठी वेगवेगळ्या बाटल्या विकायला काढल्या. जगातलं हे पहिलं रायझोबियम प्रॉडक्ट.

अमेरिकेत पुढे काय झालं ते तर आपल्यासाठी धडाच आहे. १९०४ च्या सुमारास तिथे जिवाणू कापसावर वाळवून, पाकिटात घालून शेतकऱ्यांना पाठवायला सुरुवात झाली. कल्पना भारी होती. पोस्टाने खत! मोठा गाजावाजा झाला. १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कृषी प्रयोग केंद्राने बाजारातली अशी पाकिटं तपासली, तर ती निकामी निघाली. वाळवण्यात जिवाणू मेले होते. शेतकऱ्यांचा विश्वास उडाला. शोध खरा होता, बाटलीतले जीव मात्र जिवंत नव्हते.

त्यावर उपाय निघाला तो ओलावा धरून ठेवणाऱ्या भुकटीत, म्हणजे पीट किंवा लिग्नाइटमध्ये जिवाणू मिसळण्याचा. पाकिटातली ती काळी पावडर हीच. अलीकडे द्रवरूप बाटल्या जास्त चालतात, कारण त्यांत जिवाणू जास्त काळ टिकतात.

भारतात या विषयावरचा पहिला अभ्यास १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांनी केला. तेव्हा ते बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत होते. आज परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ स्वतः जिवाणू खतं बनवून शेतकऱ्यांना देतं. आपल्या जालना जिल्ह्यात बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीच्या बीडीएन ७११ सारख्या वाणांसाठी ओळखलं जातं. म्हणजे वाणही जवळ आणि जिवाणूही जवळ.

आणि हो, आपल्याकडे घरोघरी वाचला गेलेला कार्व्हर आठवतोय? वीणा गवाणकरांच्या पुस्तकातला. कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी लावा, असं तो अलाबामाच्या शेतकऱ्यांना सांगत फिरायचा. त्यामागचा खरा कामगार हाच जिवाणू होता.

मग परतूरच्या शेतात काय करायचं?

बायेरिंक यांच्या कामातून जे कळलं, त्याचाच हा सरळ उपयोग आहे.

१. पीक बघून बाटली घ्या. प्रत्येक जिवाणूचं पेअरिंग ठरलेल्या पिकाशीच होतं. सोयाबीनचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचं बऱ्यापैकी एकमेकांत जमतं. हरभऱ्याची बाटली सोयाबीनला लावली तर पैसे वाया. लेबलवर पिकाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा.

२. तारीख बघा. २००६ पासून जिवाणू खतं केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. त्यानुसार पावडरच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवाच्या एका मिलीलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. मुदत संपली की हा आकडा घसरतो. मागच्या वर्षीची बाटली म्हणजे चार्जिंग संपलेला फोन.

३. उन्हात ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत काय होत असेल, विचार करा. घरात थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. दुकानदाराने कुठे ठेवली होती तेही बघून घ्या.

४. क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम. उलटं केलं तर औषध जिवाणूंनाच मारतं. बॅगेतलं बियाणं आधीच रंगीत, औषध लावलेलं असेल तर जिवाणू अगदी पेरणीच्या तोंडावर लावा.

५. हलक्या हाताने लावा. पावडर असेल तर साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून. द्रव असेल तर लेबलवरचं प्रमाण पाळा. सोयाबीनची साल नाजूक असते, जोरात चोळली तर उगवण कमी होते. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

६. युरियाचा मारा करू नका. आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूला घरात घेत नाही, गाठी कमी येतात. सुरुवातीला शिफारशीइतकाच नत्र द्या. स्फुरद मात्र हवाच, कारण गाठींना काम करायला ऊर्जा लागते.

जिवाणू चालू आहे का, हे कसं ओळखायचं?

यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी दोन-चार झाडं खुरप्याने मातीसकट अलगद उपटा. ओढू नका, गाठी मातीतच राहतील. मुळं पाण्यात धुवा आणि एखादी गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर काम जोरात चाललंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर जिवाणू झोपलाय किंवा संपलाय. फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

एक खरं सांगून ठेवतो. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन होतं, तिथे त्याचे जिवाणू आधीच मातीत असतात. तिथे बाटलीने डोळ्यात भरण्यासारखा फरक दिसेलच असं नाही. जिथे पीक पहिल्यांदाच घेताय किंवा बऱ्याच वर्षांनी घेताय, तिथे फायदा जास्त. काळ्या रानात पाणी साचलं तर मुळांना आणि गाठींना हवा मिळत नाही, मग कितीही चांगली बाटली आणा, उपयोग नाही. शंका असेल तर एक पट्टा जिवाणू लावून आणि एक पट्टा न लावता पेरा. हेलरीगेल यांनी कुंड्यांमध्ये केलं तेच तुम्ही स्वतःच्या रानात कराल.

रॉथमस्टेडच्या तिघांनी माती तापवून जिवाणू मारले आणि झाडं हवेतला नायट्रोजन घेतच नाहीत असं ठरवलं. अमेरिकेत ते वाळवून मारले आणि शेतकऱ्यांनी पाकिटं फेकून दिली. आपण ती बाटली पत्र्याखाली ठेवतो आणि फरक पडत नाही म्हणतो. बायेरिंक यांना तो जीव सापडला, कारण त्यांनी आधी त्याला काय लागतं ते विचारात घेतलं. यंदा दुकानातून बाटली आणाल तेव्हा ती पिशवीत तळाला न टाकता सावलीत ठेवा, एवढंच.

तुमच्या रानातल्या गाठी आतून कोणत्या रंगाच्या निघाल्या? नक्की कळवा, आणि पेरणीच्या गडबडीत असलेल्या मित्राला ही माहिती पाठवा.